श्रावण मुनेश्वरचे पंजे

रोज संध्याकाळी घराच्या उंबऱ्याबाहेर उभं राहून श्रावण मुनेश्वर अंगावरून चुंबक फिरवायचा. जुन्या स्पीकरमधून काढलेलं, बशीएवढं काळं चुंबक. आधी सदऱ्याच्या बाह्या, मग छाती, मग पॅन्टची दुमड, शेवटी चपलांचे तळ. चुंबकाला लोखंडाचा बारीक कीस दाढीच्या खुंटांसारखा उभा राहायचा. तो कागदात झटकायचा, कागदाची पुडी करायची, पुडी बाहेरच्या कोनाड्यात ठेवायची आणि मगच पाऊल आत. लेक मैत्रेयी रांगती होती तेव्हा तिच्या तळहातात एकदा असाच कण घुसला होता. आता मैत्रेयी नागपूरला दवाखान्यात नर्स होती, घरात रांगणारं कोणी उरलं नव्हतं, तरी चुंबक सुटलं नाही. बायको कौसल्या चुलीपाशून म्हणायची, "आता कोनाच्या पायात रुतते? आपन दोघंच तं आहो." तो म्हणायचा, "तुये पाय का लोखंडाचे हायेत?"

यवतमाळच्या कडेला, लोहाऱ्याच्या औद्योगिक वसाहतीला लागून त्याचं लेथचं दुकान होतं. दुकान म्हणजे पत्र्याचं शेड, एक जुनं मशीन आणि बाहेर कडुनिंबाखाली टाकलेला बाक. आयटीआय करून तो वसाहतीतल्याच एका कारखान्यात लागला होता. कारखाना बंद पडला तेव्हा ज्या मशीनवर उभं राहून त्याची तरणी वर्षं गेली, तेच त्याने विकत घेतलं आणि घरचं माणूस आणावं तसं आणलं. मोटारपंपाची शाफ्ट, पिठाच्या गिरणीची चकती, बंडीचा आस, सगळं त्याच्याकडे यायचं. चौदा एप्रिलच्या मिरवणुकीतल्या रथाची चाकं दरवर्षी तोच तपासायचा. रथावरचा देखावा मात्र त्याने कधी धड पाहिला नाही. मिरवणूक निघाली की तो मागच्या चाकाजवळून वाकून चालायचा, कान चाकाकडे. सगळी वस्ती वर बघायची, श्रावण खाली.

असा हा माणूस. आणि तरी जे झालं ते त्याच्या हातून झालं.

मोटारीच्या पुढच्या चाकाशी धक्के झेलणारा शॉकअप असतो आणि त्याच्याभोवती जाडजूड स्प्रिंग. ती गाडीत बसलेली असते तेव्हाही दाबलेलीच असते. वरचा एक नट तिला दाबून धरतो. शॉकअप बदलायचा तर तो नट काढावा लागतो, आणि स्प्रिंग आधी आवळून न घेता नट काढला तर ती सुटते. सुटते म्हणजे काय, हे श्रावणने कौसल्याला एकदा जेवताना सांगितलं होतं. गाडीचं अख्खं धूड जी रोज उचलून धरते, तिचा सगळा जोर एका माणसावर येतो. म्हणून दोन बाजूंनी दोन पंजे लावायचे. पंजा म्हणजे आटे पाडलेला एक लांब दांडा आणि त्यावर दोन आकडे. एक आकडा स्प्रिंगच्या वरच्या वेढ्यात अडकवायचा, दुसरा खालच्या. मग पान्याने थोडं या बाजूला, थोडं त्या बाजूला, असं समसमान आवळत जायचं. घाई करायची नाही. आणि काही झालं तरी स्प्रिंगच्या तोंडासमोर उभं राहायचं नाही.

जिल्ह्यातल्या रस्त्यांवर शॉकअप म्हातारे होऊन मरत नाहीत, तरणेच जातात. त्यामुळे गॅरेजवाल्यांना पंजे रोजचेच. विकतचे पंजे मोठ्या गाड्यांच्या स्प्रिंगांना वाकतात अशी सगळ्यांची तक्रार होती. त्याच सुमारास लोहाऱ्याकडची एक जुनी जिनिंग मोडीत निघाली. कापसाच्या गठाणी दाबणारी तिची प्रेस भंगारात आली आणि तिच्यातले अंगठ्याहून जाड, आटे पाडलेले दांडे श्रावणच्या दारात येऊन पडले.

कापसाच्या या मुलखात जिनच्या लोखंडावर माणसाचा फार जीव. गोठ्याचा अडसर, विहिरीच्या रहाटाचा कणा, बंडीची कडी, जिथे काही तुटायला नको तिथे जिनचं लोखंड शोधायचं. घाटंजीचा गॅरेजवाला भावसिंग राठोड ते दांडे पाहून म्हणाला होता की ज्याने जन्मभर गठाणी दाबल्या त्याला स्प्रिंग म्हणजे काय, कापसाचा पेळू. श्रावणलाही ते पटलं. एखाद्या बैलाने जन्मभर ओढलं असेल तर तो बळकट समजायचा की थकलेला, हे बैलाच्या बाबतीत शेतकऱ्याचं पोर सांगेल. लोखंडाच्या बाबतीत कोणी विचारलं नाही. श्रावणने दांडे कापले, घासले, आकडे जोडले, लाल रंग दिला. मोजक्या जोड्या झाल्या. एक घाटंजीला भावसिंगकडे गेली, एकदोन यवतमाळात, आणि एक दूर महागावला, नयन नावाच्या पोराच्या गॅरेजात.

वर्षभर कोणाची तक्रार आली नाही. उलट आणखी करून मागत होते.

थंडी सरता सरता एके दिवशी भावसिंग स्वतः दुकानात आला. कानाला पट्टी होती, हातात फडक्यात बांधलेलं काहीतरी. बाकावर बसला आणि आधी पाणी मागितलं. मग सांगितलं. स्प्रिंग आवळत होता, अजून अर्धी व्हायची होती, तोच बंदुकीसारखा आवाज झाला. वरचा आकडा कानाला चाटून गेला आणि पत्रा फाडून बाहेर पडला. "घरची म्हनते, तसंही तुमी कुठं आयकत होते," असं म्हणून तो हसायला गेला, पण हसू नीट आलं नाही.

श्रावणने फडकं सोडलं. तुटलेला दांडा उचलून तो दाराशी उजेडात गेला. तुटलेलं तोंड वर करून धरलं आणि फिरवून फिरवून पाहिलं. त्या तोंडाचा अर्धा भाग ताजा होता, फोडलेल्या खडीसाखरेसारखा चमकत होता. उरलेला अर्धा काळा, गुळगुळीत, तेल मुरलेला.

भावसिंगने विचारलं, काय दिसते?

"हे आज नाई तुटलं," श्रावण म्हणाला. "जिनमध्येच अर्धं तुटलं होतं. म्या वरून रंग देल्ला."

कौसल्या तेव्हा त्याचा डबा घेऊन आली होती. तिने नवऱ्याचा चेहरा पाहिला आणि डबा उघडलाच नाही.

यवतमाळातल्या जोड्या त्याने त्याच दिवशी जाऊन आणल्या. एकाने तर देताना कुरकूर केली, चांगली चालून राह्यली दादा, कायले नेता. महागावच्या नयनला फोन लावला. नयन हसला. म्हणाला, काका, आपली जोडी झकास आहे, तुम्ही नका फिकीर करू. श्रावणने पुन्हा पुन्हा सांगितलं, तेव्हा तो म्हणाला बरं, नाही लावत. पण त्या 'बरं'वर श्रावणचा विश्वास बसला नाही. ज्याच्या गॅरेजच्या दारात गिऱ्हाईक गाडी उभी करून बसलंय, त्याचं 'बरं' कसं असतं ते त्याला ठाऊक होतं.

त्यानंतरच्या दिवसांत घरातले आवाज बदलले. ताट निसटलं तरी श्रावण भिंतीशी जायचा. रस्त्यावर एका ट्रकचं टायर फुटलं तेव्हा तो चालता चालता खाली बसला, आणि उठल्यावर बूट बांधत होतो असं कौसल्याला म्हणाला. पायात चपला होत्या. फोन वाजला की तो आधी नाव बघायचा, मग डोळे मिटायचा, मग उचलायचा. कौसल्याने कुकर वरच्या फळीवर ठेवून दिला आणि वरण पातेल्यात शिजवू लागली. तिने स्प्रिंग कधी हातात धरली नव्हती. तरी आता तिला तिची भीती वाटत होती, जशी न पाहिलेल्या सापाची वाटते, गवतात पाऊल टाकताना.

महागावला जायचं ठरलं तेव्हा ती म्हणाली, मीही येते. तो नको म्हणाला. तिने ऐकलं नाही. दोन दिवसांत त्याच्या पोटात धड भाकर गेली नव्हती, आणि अशा माणसाला एवढ्या लांब गाडीवर एकट्याने सोडायला ती तयार नव्हती. पंजे आणायला म्हणून तिने एक रिकामं पोतं घेतलं आणि ते मांडीवर घट्ट धरून मागे बसली.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी पळस पेटलेला होता. वेचणी संपून उभ्या राहिलेल्या पऱ्हाट्या उन्हात करड्या दिसत होत्या. एरवी कौसल्याला हा रस्ता आवडायचा. आज प्रत्येक समोरून येणाऱ्या मोटारीच्या पुढच्या चाकांकडे तिचे डोळे जात होते. प्रत्येक चाकाच्या वर, पत्र्याच्या आत, एक दाबलेली स्प्रिंग आहे आणि आपण एवढी वर्षं तिच्या शेजारून बिनघोर जात होतो, हे तिला नवंच होतं.

आर्णीला चहा घ्यायला थांबले तेव्हा श्रावणने नयनला फोन लावला. घंटी वाजत राहिली. पुन्हा लावला. त्याने चहा अर्धवट टाकला आणि गाडीला किक मारली. गाडी आता आधीपेक्षा जोरात होती. काहीतरी बोलावं म्हणून कौसल्याने त्याच्या कानाशी तोंड नेऊन विचारलं, नयनचं लग्न झालं का.

"मांगच्या वर्सी," तो म्हणाला. "खुशी नाव हाय तिचं. म्या पाह्यलं तिले, फोटोत."

विचारलं नसतं तर बरं झालं असतं, असं कौसल्याला वाटलं. आता त्या गॅरेजाला एक चेहरा आला होता, आणि तोही कालपरवाच्या नवरीचा.

महागावात बाजाराचा दिवस होता. नयनचं गॅरेज रस्त्याला लागूनच, पत्र्याचं, अर्धं शटर वर. समोर भाजीवाल्या बायका पोती अंथरून बसलेल्या, बाजूला रसवंती. आणि शटरबाहेर स्टुलावर नयन बसला होता, चहा पीत, धडधाकट. कौसल्याने त्याला पाहिलं आणि तिच्या हातातलं पोतं गळून पडलं. हसावं की रडावं ते तिला कळेना. श्रावण गाडीवरून उतरला, त्याच्याजवळ गेला आणि त्याच्या खांद्याला हात लावून पाहिला.

नयन उठला. जय भीम काका, जय भीम काकू, म्हणाला. फोन बाजूच्या दुकानात चार्जिंगला लावला होता म्हणाला. अजून चहा सांगू का म्हणाला.

"पंजे कुठं हायेत?"

नयनची नजर जरा बाजूला गेली. मग तो म्हणाला, "लागलेले हायेत. येकच काम होतं काका. मंग देतोच होतो."

शटरखालून वाकून श्रावण आत गेला. कौसल्या दारातच थांबली. तिला जे दिसलं ते असं: लाकडी बाकावर आडवी एक काळी स्प्रिंग, आखडलेली, वेढ्याला वेढा टेकत आलेला. तिच्या दोन बाजूंना दोन लाल दांडे. वरचा नट काढलेला, जुना शॉकअप उपसून खाली टाकलेला. वरचं रबर आणायला कोणीतरी गेलं होतं. म्हणजे आता त्या स्प्रिंगला दुसरं काहीच धरून नव्हतं, श्रावणच्या हातचं लोखंड सोडून. आणि स्प्रिंगचं तोंड रस्त्याकडे होतं, बाजाराकडे.

श्रावण समोर गेला नाही. कडेकडेने, पत्र्याला पाठ लावून बाकाच्या मागे गेला आणि वाकला. एका दांड्यावर, खालच्या आकड्याच्या जरा वर, लाल रंग केसाएवढा फाटला होता. तेवढ्यात त्या लोखंडातून आवाज आला. टिक. घड्याळाचा येतो तेवढाच.

त्याच्या मागोमाग आत आलेल्या नयनलाही तो ऐकू आला. त्याच्या हातातला कप कलंडला, चहा पॅन्टवर सांडला, त्याला कळलं नाही.

पुढचं सगळं श्रावणने हळू आवाजात केलं. झोपलेल्या माणसाशेजारी बोलावं तसं. समोरच्या बायकांना आधी उठवायला सांगितलं. नयन गेला, पण बाजारात 'उठा, इथे धोका आहे' म्हटल्यावर जे होतं तेच झालं. बायका हलल्या आणि त्यांच्या जागी बघे आले. कोणी म्हणे सिलेंडर आहे, कोणी म्हणे साप निघाला. एक म्हातारा तर शटरखालून वाकून पाहू लागला, त्याला कौसल्याने धोतराच्या सोग्याला धरून मागे ओढलं. नयन म्हणाला, पुसदला विकतचे पंजे मिळतील, मोटारसायकलवर जाऊन घेऊन येतो, ते वरून लावू. श्रावणने मान डोलावली. मग पुन्हा टिक झालं, आणि त्याने नाही अशी मान हलवली. तेवढा वेळ नव्हता. गॅसने कापू म्हणणाऱ्याला त्याने नुसता हात दाखवून थांबवलं. उचलून मोकळ्या रानात न्यावं तर उचलणार कोण, आणि या गर्दीतून.

मग त्याने ट्रकला बांधायची साखळी मागितली. ती स्प्रिंगच्या वेढ्यांतून ओवली, बाकाच्या लोखंडी पायांना गुंडाळली. सगळं बाजूने, हात लांब करून. समोर जुनी टायरं रचायला लावली, एकावर एक, शटरच्या उंचीपर्यंत. कौसल्याला त्याची फक्त पाठ दिसत होती. सदरा पाठीला चिकटला होता.

नयन पुढे झाला. "काका, मी खोलतो. म्याच लावले हायेत."

श्रावणने त्याच्या छातीवर हात ठेवला आणि त्याला मागे सारत सारत बाहेर आणलं. बाहेर येऊन त्याने कपाळ पुसलं. एक बाजू सैल केली की सगळा भार दुसऱ्या बाजूवर जातो, आणि दुसरी बाजू फाटलेली आहे. म्हणून दांड्याचा प्रत्येक आटा जपून सोडावा लागणार, हे त्याने नयनला समजावून सांगितलं, जणू पुढच्या वेळी नयनच्या कामी यावं म्हणून. कौसल्या ते ऐकत होती. तिने त्याचा दंड धरला.

"तुमीच काहून?"

"मले मालूम हाय तो कोन्या बाजूनं फाटन," तो म्हणाला.

त्याला माहीत नव्हतं. कौसल्याला तेही कळलं. तीस वर्षांच्या संसारात त्याच्यावर तिच्याशी खोटं बोलायचा प्रसंग फार थोड्या वेळा आला होता, आणि खोटं बोलताना तो नेहमी असाच सरळ डोळ्यांत बघायचा. तरी तिने दंड सोडला. तो का सोडला, हे ती नंतर कितीतरी दिवस स्वतःला विचारत राहिली.

तो आत गेला.

बाहेरून फक्त आवाज येत होता. पाना अडकल्याचा. मग कर्र. मग थांबणं. साखळीची एक कडी दुसरीवर सरकली. मग दुसऱ्या बाजूचा पाना. कौसल्या त्या आवाजाबरोबर श्वास घेऊ लागली. कर्र झालं की सोडायचा, थांबलं की धरायचा. गर्दीही गप्प झाली होती. रसवंतीवाल्याने घुंगरांचं चाक थांबवलं. नयन तिच्या शेजारी उकिडवा बसला होता, दोन्ही हात डोक्यावर. सावली शटरच्या पायथ्याशी सरकली. कर्र. थांबणं. आता ते थांबणं कमी कमी होत चाललं होतं, पाना सहज फिरत होता, आणि कौसल्याला वाटलं की आता एवढ्यात तो घाम पुसत बाहेर येईल आणि पाणी मागेल.

आवाज झाला तो फार मोठा नव्हता. त्यामुळे लोकांना वाटलं, सुटलं एकदाचं. कोणी टाळीही वाजवली.

नयन आत धावला. स्प्रिंग जागच्या जागी होती. साखळीने तिला धरलं होतं, टायरं हललीसुद्धा नव्हती. समोरून काहीच आलं नव्हतं. दांडा त्या फटीपाशीच तुटला होता आणि त्याचा वरचा तुकडा बाजूला उडाला होता, जिथे जाणता माणूस उभा राहतो त्या बाजूला.

पुसदच्या दवाखान्यात नेताना वाटेतच श्रावण गेला. कौसल्याच्या मांडीवर त्याचं डोकं होतं. डोळे उघडे होते, पण तो बोलला नाही.

पुण्यानुमोदनाच्या शोकसभेला वस्तीतले, वसाहतीतले, लांबलांबच्या गॅरेजातले लोक आले. बरेच जण बोलले. चौदा एप्रिलच्या रथाबद्दल एक म्हातारे गृहस्थ बोलले आणि बोलता बोलता बसून गेले. नयन आणि खुशी सगळ्यांच्या मागे, चपलांजवळ बसले होते. खुशीने नवऱ्याचा सदरा मागून धरून ठेवला होता. भावसिंगने आधल्या दिवशीच श्रावणचं दुकान उघडून, परत आलेले सगळे पंजे तिथल्याच करवतीवर बोटबोट लांबीचे कापून टाकले होते. पुन्हा कोणाला ते काही कामाचे वाटू नयेत म्हणून.

जेवणं झाल्यावर बायका कौसल्याजवळ बसल्या. मैत्रेयी आईच्या पाठीवर हात फिरवत होती. जाताना काय बोलले, असं एकीने हळूच विचारलं. दुसरीने तिला डोळ्यांनी दटावलं, पण तीही उत्तराकडे कान लावून होती. काहीतरी मोठं, जपून ठेवण्यासारखं त्यांना हवं होतं. कौसल्याने मान हलवली, काही नाही म्हणाली. सांगण्यासारखं ते नव्हतंच. दंड सुटल्यावर तो दोन पावलं गेला होता, शटरखाली वाकला होता, मग तसाच वाकलेला मागे वळला होता, आणि उन्हात उभ्या असलेल्या मोटारसायकलकडे बघून म्हणाला होता,

"अवं, गाडी सावलीत घे. सीट तापून राह्यली."